हायकोर्टासाठी एक चांगला शब्द

आमच्या इमारतीत मला पाठीमागे 'हायकोर्ट' म्हणतात आणि तोंडावर काकू. मला हे ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. पण माझा निकाल एकदा लागला की त्यावर अपील नाही, हे सगळ्यांना मान्य असल्यामुळे मी कधी तक्रार केली नाही. खरं सांगायचं तर नाव मला आवडत होतं. हायकोर्टालाच पिंजऱ्यात उभं राहायची वेळ आली, तोवर.

झालं असं, की आमचे हे बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. डॉक्टरांनी हाड जागेवर बसवलं, पण दवाखान्यातून सोडताना दम भरला. "उंबरा ओलांडायचा नाही. बाथरूम सपाट करा, भिंतीला धरायला दांड्या लावा, बसायला सोय करा. मगच घरी न्या." म्हणून ह्यांना लेकीकडे ठेवलं. तिचं घर तळमजल्यावर, बाथरूम सपाट. सगळं उत्तम, एक गोष्ट सोडून. लेक सकाळीच कामावर जाते, त्यामुळे ह्यांना आंघोळ घालायचं जावयाकडे आलं.

जावई सोन्यासारखा आहे, त्याला मी एका शब्दानं बोलणार नाही. (लोक म्हणतात, हेच एक आश्चर्य.) पण ज्या जावयासमोर हे कधी नुसत्या बनियनवर बसले नाहीत, तो ह्यांच्या पाठीला साबण लावतोय, हे ह्यांना कसं सोसावं? आधी म्हणाले, एक दिवसाआड आंघोळ करतो. मग म्हणाले, नुसतं अंग पुसून घेतो. एके दिवशी लेकीचा फोन आला, "आई, बाबा पाणीसुद्धा घोटघोटच पितात गं. म्हणजे सारखं उठवायला लागू नये कुणाला." फोन ठेवला आणि मी सुनेला हाक मारली.

"फोन घे हातात. ठेकेदार शोधायचा आहे."

माझी शाळा चौथीतच सुटली. दुकानावरची पाटी मी वाचते, पण पाटी वाचून होईतो दुकान मागे जातं. म्हणून वाचायचं काम सुनेचं आणि निकालाचं माझं. आमच्या घरात ही विभागणी जुनी आहे. सून वाचायला लागली.

"आई, हे बघा. ह्याला पाच स्टार. 'अप्रतिम काम, अत्यंत नम्र माणूस.'"

"पुढचं वाच."

"'अप्रतिम काम, अत्यंत नम्र माणूस.' अरे, हे दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय."

"तिसरा?"

"तिसराही नम्रच म्हणतोय."

"मग तिघंही त्याचे मेहुणे. काढून टाक."

दुसऱ्याबद्दल कुणी लिहिलं होतं, माणूस फार गोड आहे. मी म्हटलं, मला फरशी बसवायची आहे, चाटायची नाही. तिसऱ्यानं म्हणे सांगितलेल्या दिवसाच्या आधीच काम संपवलं. म्हणजे सिमेंट वाळायच्या आत पळाला. चौथ्याच्या कामाचे फोटो होते आणि फोटोतली बाथरूम इतकी चकचकीत, की त्यात माणूस गेला तर घसरूनच बाहेर येईल. सून म्हणाली, "आई, अशानं ठेकेदार मिळायचा नाही, अवतार घ्यावा लागेल कुणालातरी." तिला मी फार लाडावून ठेवलंय.

शेवटी एकीवर माझं मन बसलं. हो, एकीवर. ठेकेदार बाई होती. तिला चांदण्या होत्या मध्यम. मी स्टारांना चांदण्याच म्हणते. पण एका गिऱ्हाइकानं लिहिलं होतं, 'बाई उद्धट आहेत. मी निवडलेली फरशी आणायला नकार दिला. म्हणाल्या, ओली झाल्यावर हिच्यावर तुमची सासू पडेल. मला खूप अपमानास्पद वाटलं. फरशी मात्र चांगली आहे.'

"हीच!" मी म्हटलं. "शिव्या देणाऱ्या गिऱ्हाइकालाही शेवटी 'मात्र' म्हणावं लागलं. हिला बोलाव. आणि माझ्या नावानं बोलाव, तुझ्या नाही. घर कुणाचं आहे हे आधी कळू दे."

सुनेनं माझ्या फोनवरून निरोप धाडला. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग उत्तर आलं, सध्या वेळ नाही. बरं म्हटलं, गुणी माणसाला कामं असतातच. मी अंमळ खाली उतरून त्या 'गोड' माणसाला विचारलं. त्यालाही वेळ नाही. नम्र होता त्यानं नम्रपणे कळवलं, की पुढचे कित्येक महिने तो गावातच नाही. गावातल्या सगळ्या ठेकेदारांना एकदमच कामं कशी आली, असा विचार मी करत होते, तेवढ्यात सुनेनं स्वतःच्या फोनवरून त्याच बाईला विचारलं. बाईचं उत्तर पाणी उकळायच्या आत आलं, 'उद्या सकाळी बघायला येते.'

सून माझ्याकडे बघेना.

"काय गं? काय लपवतेस?"

"आई, रागावू नका. आपण जसे त्यांचे रिव्ह्यू वाचतो ना, तसे तेही आपले वाचतात. तुमच्या नावावर बोट ठेवलं, की तुम्ही आजवर कुणाकुणाबद्दल काय लिहिलंय ते सगळं उघडतं."

आता हे सांगायला हवं. फोनवर बोललं की तो आपोआप लिहितो, हे सुनेनं मला शिकवलं होतं. तिला वाटलं, मी बहिणींना निरोप धाडीन. मी मात्र गावाचा न्यायनिवाडा करायला बसले. न्हावी, शिंपी, वायरमन, दवाखाना, चष्मेवाला, कुणाला सोडलं नव्हतं.

"वाच," मी म्हटलं. "मी काय घाबरते की काय?"

सुनेनं घसा साफ केला. "'वायरमन. आला. काम केलं. पंखा फिरतो. बरा आहे. अगं ए दूध उतू चाललंय बंद कर आधी.' दोन स्टार."

"ते दुधाचं मध्येच कुणी लिहिलं?"

"तुम्हीच बोललात, आई. तो जे ऐकतो ते लिहितो. पुढचं, 'शिंपी. बाह्या बऱ्या आहेत. गळा त्याच्या बायकोच्या मापाचा असावा.' एक स्टार. 'चष्मेवाला. दिसतं. पण आता त्याचं दुकान किती कळकट आहे तेही दिसतं.' दोन स्टार. आणि बाबांचा खुबा बसवणारे डॉक्टर, 'हाड बसवलं. चालतात. डॉक्टर फार घाईत बोलतात. बरे आहेत.' तीन."

"बघ! तीन दिले आहेत!" मी म्हटलं. "ह्याच्यावर कुणाला मी कधी दिलेत?"

"आई, लोक पाच देतात."

"कशाला?"

मला खरंच कळत नव्हतं. माझा हिशेब साधा होता. एक चांदणी म्हणजे माणूस आला. दोन म्हणजे काम धड केलं. तीन म्हणजे पुन्हा दारात उभा राहिला तर आत घेईन. वरच्या दोन, मला वाटायचं, वरच्या फळीवरच्या बरण्यांसारख्या शोभेला ठेवल्यात. आमच्या माहेरी 'बरं आहे' ह्याच्यापलीकडे शब्द नव्हता. आईनं जन्मात माझ्या हातच्या जेवणाला एकदाच 'बरं झालंय' म्हटलं, तर मी ते आठवडाभर मिरवलं. तोंडावर कौतुक केलं की माणूस शेफारतो, हे मी घेऊन आले आणि ह्या घरातही तेच चालवलं. हे, मुलं, सून, सगळी 'बरी' आहेत. आणि त्या वायरमनसारखा हुशार हात मी गावात पाहिला नाही, म्हणून तर त्याला दोन चांदण्या देऊन वर 'बरा' म्हटलं. माझ्या हिशेबानं मी त्याच्या गळ्यात हार घातला होता.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार बाई आली. माझ्या लेकीच्या वयाची, कमरेला टेप, कानामागे पेन्सिल. दार मी उघडलं. तिनं आधी पाटी पाहिली, मग मला.

"हे हायकोर्टांचं घर का?"

इमारतीतलं नाव बाजारात पोचलं होतं तर.

"हो. आणि तू ती उद्धट ठेकेदार."

"तीच. बाथरूम कुठे आहे?"

तिनं बाथरूम पाहिली. फरशीवर बालदीभर पाणी ओतलं आणि ते कुठं जातं ते बघत उभी राहिली. भिंतीवर ठोकून ऐकलं. उंबऱ्याला पायानं टोकरलं. काम समजलं होतं तिला, मला ते लगेच कळलं. मी आनंदानं सांगायला लागले, की उतार कसा हवा, जाळी कुठे हवी. तिनं टेप खटकन मिटवली.

"काकू, काम करता येईल. पण मी घेणार नाही."

"का?"

"तुम्ही ज्याला 'बरा आहे' लिहिलंत तो वायरमन माझ्याच कामांवर असतो. तुमचा रिव्ह्यू त्याच्या नावाखाली सगळ्यात वर दिसतो, दुधासकट. लोक फोन करतात आणि विचारतात, ते दूध उतू गेलं ते तुम्हीच ना? माझी माणसं तुमच्या घरी यायला तयार नाहीत."

"मी त्याला चांगलंच म्हटलंय."

"तुमचं चांगलं असं असेल तर वाईटाला लोक गाव सोडून जात असतील."

सून दाराआड हसली. ऐकू आलं मला.

मग सुनेनंच बाहेर येऊन तिला सगळं सांगितलं. जावयाचं, आंघोळीचं, घोटघोट पाण्याचं. मी सांगितलं नसतं. विनवणी करायला माझ्या मानेला तो सांधाच नाही. बाईनं उंबऱ्याला पुन्हा एकदा पायानं टोकरलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तुम्ही माझे रिव्ह्यू वाचलेत ना? मलाही तुमचा एक पाहिजे. तुमच्या घरात ज्यानं काम केलंय अशा एका माणसाचा, तुमच्याबद्दल एक चांगला शब्द. एकच. परवा येते. शब्द मिळाला तर उंबरा फोडते."

ती गेल्यावर मी म्हटलं, "शब्द काय, पोतंभर आणते." आणि चपला घातल्या.

वायरमन त्याच्या दुकानात एका मिक्सरचं पोट उघडून बसला होता. मला पाहून उभा राहिला. लहानपणापासून पाहतेय त्याला.

"काकू! पंखा बिघडला?"

"नाही रे. पंखा तर… बरा आहे." तोंडाला काय वळण पडतं बघा. "म्हणजे चांगला आहे. तू चांगला आहेस. तुझं काम चांगलं आहे."

एवढं बोलेपर्यंत मला घाम फुटला. त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"काकू, तब्येत बरी आहे ना तुमची?"

मी काय हवंय ते सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मिक्सरचं पातं पुसायला घेतलं. "चांगला शब्द," तो म्हणाला. "तुमच्याकडून कधी मिळाला असता, तर आत्ता लगेच परत केला असता. तुमच्या घरी काम करताना मी जीव ओतला होता, माहितेय? वायर भिंतीतून अशी नेली, की पुढच्या माणसाला शोधायला त्रास नको. घरी जाऊन बायकोला म्हटलं होतं, आज हायकोर्टानं शाबासकी दिली तर बघ. मग तिनंच तो रिव्ह्यू वाचून दाखवला."

"अरे, मी शाबासकीच दिली होती."

"ते तुम्हाला कळलं, काकू."

मी तशीच घराकडे परत फिरले. शिंप्याकडे गेलेच नाही. एका चांदणीवाल्याकडे कुठल्या तोंडानं जाऊ? घरी मोलकरणीला विचारावं म्हटलं, तर मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "बाई, आज भांडी दोनदा विसळलीत हो मी." तिला वाटलं, बोलणी खायची वेळ आली. मी म्हटलं, काही नाही, जा. तर ती आणखीच घाबरली.

ठरल्या दिवशी ठेकेदार बाई आली आणि खुर्चीत बसली. "शब्द?"

"नाही," मी म्हटलं. आजवर कुणासमोर म्हटला नसेल असा तो 'नाही' होता. त्याला शेपूट नव्हतं, पुढे टोमणा नव्हता. "कुणी दिला नाही. तू जा. मी दुसरा बघते."

दुसरा कुणी नव्हताच, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

तेवढ्यात सुनेनं फोन लावला. "आई, ह्या घरात सगळ्यात जास्त वर्षं काम केलेला एक माणूस आपण विसरलोच की."

"कोण? हे? ह्यांनी कधी काम केलंय घरात? बसलेत नुसते!"

पण फोन उचलला गेला होता आणि स्पीकरवर होता. ठेकेदार बाईनं तो सुनेच्या हातून घेतला.

"नमस्कार आजोबा. मी ठेकेदार. तुमच्या घराची बाथरूम सपाट करायची आहे. पण काम घेण्याआधी मला तुमच्या मंडळींबद्दल विचारायचंय. माणूस म्हणून कशा आहेत?"

"का? काय केलं तिनं?" ह्यांचा आवाज. जरा बारीक झालेला.

"काही नाही. एक चांगला शब्द पाहिजे. खरा असेल तर सांगा."

पलीकडून नुसता जावयाच्या घरातला पंखा ऐकू येत होता. मी खिडकीतून बाहेर बघायला लागले. एवढ्या वर्षांत मीही ह्यांना कधी एक चांगला शब्द दिला नव्हता. द्यायची वेळ आली की मी जेवण वाढायचे. आणि आता हे गुपचूप आठवत होते, शोधत होते, आणि त्यांना सापडत नव्हता.

"बरी आहे," हे म्हणाले.

ठेकेदार बाईनं भुवया वर केल्या. "एवढंच?"

"एवढंच म्हणजे?" हे चिडले. "बरी आहे म्हटलं ना! खोटं बोलत नाही मी."

"बरं. किती स्टार?"

"ते चांदण्यांचं?" मग आवाज खाली आला, कुणी ऐकू नये असा. "तीन. पण तिला सांगू नका हं. शेफारेल."

सुनेनं तोंडावर पदर घेतला. मी डोळे पुसले. धूळ गेली म्हणावं, तर काम अजून सुरू व्हायचं होतं.

ठेकेदार बाई माझ्याकडे बघत होती. माझा चेहरा तिनं काय वाचला कोण जाणे. तिनं हळूच फोन ठेवला आणि सुनेला विचारलं, "ह्या घरात तीनच्या वर कुणी गेलंय?"

"डॉक्टर पण तीनलाच थांबलेत," सून म्हणाली.

बाईनं कानामागची पेन्सिल काढली. "उद्या माणसं घेऊन येते. पण काकू, काम चालू असताना तुम्ही बाथरूमच्या दाराशी यायचं नाही. इथं, ह्या खुर्चीत बसायचं."

मी बसले. हायकोर्टाला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खुर्ची मिळाली, आणि तिथून मी फरशी फुटल्याचे, पाइप ओढल्याचे, माणसांनी एकमेकांना शिव्या दिल्याचे आवाज ऐकत होते. जीभ शिवशिवत होती. एकदा मी नुसतं "उतार…" म्हटलं, तर आतून बाईचा आवाज आला, "खुर्ची!" वायरमनही आला होता, गिझरची जोडणी करायला. पहिल्या दिवशी माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, "तुझ्या त्या रिव्ह्यूला मी पाच चांदण्या करून टाकते." तो म्हणाला, "नको काकू. आता कुणी विश्वास ठेवणार नाही. फक्त ते दूध काढा." सुनेनं तेवढं काढलं.

काम झाल्यावर बाईनं मला आत बोलावलं. उंबरा नव्हता. जिथं तो होता तिथून माझा पाय सवयीनं वर उचलला गेला आणि हवेतच राहिला. फरशी खरखरीत, पायाला धरणारी. भिंतीला बसायची फळी, शेजारी दांडी. आणि दारालगत आणखी एक दांडी, जरा खाली.

"ही कुणासाठी? हे तर उंच आहेत."

"तुमच्यासाठी. आत येताना भिंतीला हात लावता तुम्ही. पहिल्याच दिवशी पाहिलं."

"मला काही झालेलं नाही," मी म्हटलं. दांडी धरूनच म्हटलं, म्हणून ती काही बोलली नाही.

हे घरी आले. आल्या आल्या, चहाही न घेता, आंघोळीला गेले. आत गेले, दाराला आतून कडी लावली आणि नळ सोडला. मी दाराबाहेर ती खुर्ची ओढून बसले. कपड्यांच्या घड्या करायला, अर्थात. आत बालदी भरल्याचा आवाज, मग तांब्याचा, मग पाणी अंगावरून पडल्याचा. जावई नाही, लेक नाही, कुणी नाही. हे स्वतःच्या पाठीला स्वतः साबण लावत होते, आणि घशातल्या घशात काहीतरी गुणगुणत होते. ह्यांचा सूर कधीच लागत नाही. त्या दिवशीही लागला नाही.

सून फोन घेऊन आली. "आई, ठेकेदार बाईंचा रिव्ह्यू राहिलाय. बोला."

मी बोलायला लागले. मध्येच काय झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष दाराकडे होतं. रात्री सुनेनं उघडून पाहिलं तेव्हा ते जगात जाऊन चार तास झाले होते. असं छापून आलं होतं:

'ठेकेदार बाई तोंडाळ आहे. घरच्या बाईला कोपऱ्यात बसवते. फरशी खरखरीत आहे. पाणी थांबत नाही. उंबरा काढला. दांडी लावली. बाई बरी आहे अगं टॉवेल राहिला बाहेर इथंच आहे माझ्या मांडीवर केव्हाचा धरून बसलेय कडी काढा हात पुढे करा घसरू नका हो सावकाश कसं वाटतंय बरं आहे गं बरं आहे ना मग झालं'

चांदण्या चार. त्या बोलायच्या आधीच दिल्या होत्या, आणि चौथी मी देताना सुनेनं फोन दोनदा माझ्यासमोर धरला, चुकून बोट पडलं असेल म्हणून.

"आई, ते टॉवेलचं काढून टाकू?" तिनं विचारलं.

"राहू दे," मी म्हटलं.

ठेकेदार बाई आता भेटली की हसते. म्हणते, काकू, नवीन गिऱ्हाइकं फोन करून फरशीचं काही विचारतच नाहीत, आधी विचारतात, टॉवेल मिळाला का आजोबांना? मी म्हणते, मिळाला म्हणून सांग.